मूठभर कोंडा

‘वर्थ’ हा इंग्रजी शब्द शिकवायला सोपा नाही. ‘प्राइस’ म्हणजे दुकानदार सांगेल ती किंमत, हे पोरांना चटकन कळतं. ‘वर्थ’ म्हणजे ती वस्तू खरोखर जेवढ्याची आहे तेवढं, आणि पुढं काहीतरी जोडल्याशिवाय हा शब्द सहसा वाक्यात बसत नाही. वर्थ टेन रुपीज, म्हणजे दहा रुपयांच्या मोलाचं. वर्थ सीइंग, म्हणजे पाहण्याजोगं. १९६१ साली शिरूरच्या हायस्कुलात नववीच्या वर्गाला मी हे घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते. शेवटी फळ्यावर ‘वर्थलेस’ लिहिलं आणि म्हटलं, “कवडीमोल. ज्याला काही किंमत नाही ते. द्या एखादं उदाहरण.”

मच्छिंद्र उठला. वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात सरळ पोरगा. म्हणाला, “बाई, वर्थलेस म्हंजी नकुशी. व्हय ना?”

माझं नाव नकुशी आहे. वर्गाच्या दारावरच्या वेळापत्रकात ते खडूनं लिहिलेलं होतं. पोरं दाराकडं बघायला लागली, आणि आपण काय बोललो ते कळून मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. त्यानं चेष्टा केली असती तर मी छडी उचलली असती, माझा राग तसाही नाकावरच असतो. पण त्यानं मनापासून उदाहरण दिलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. तेच मला झोंबलं. “बस खाली,” एवढंच मी म्हणाले आणि फळा पुसला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आहे. सोनूबाईचं निदान नाव तरी सोन्याचं होतं. आमच्याकडं मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला नकुशी म्हणतात, आता पुरे म्हणून. मला तर थोरली बहीण नव्हतीच. म्हणजे आमच्या साखरबाईंना पहिलीच मुलगी नकोशी झाली होती.

साखरबाई म्हणजे माझी आई. कवठे येमाईतलं आमचं सगळं घर तिला वैनी म्हणायचं आणि मीही वैनीच म्हणायची. तिनं मला कधी नवं कापड घेतलं नाही. शेजारच्या हसीनामावशीच्या रशिदाचे उतरलेले परकर घालून मी मोठी झाले. पाव्हण्यांनी विचारलं तर म्हणायची, “ही व्हय? पडलीय आपली पदरात.” शाळेत पहिली आले तर म्हणाली, “मास्तरला दिसत नसंल.” आठव्या वर्षी, बाप गेला त्याच आठवड्यात, तिनं मला केडगावला मिशनच्या बोर्डिंगात पाठवून दिलं. तिथं मी इंग्रजी शिकले, पण त्यासाठी तिचे उपकार मानावेत असं मला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, नाव बदलायचं. शैलजा. सरकारी गॅझेटात छापून आणायचं म्हणजे झालं. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या जन्माची नोंद सापडत नाही, तेव्हा अर्जावर आईचा अंगठा आणा, नाहीतर सुईणीचा तरी. मी अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि रविवारी एस्टीनं कवठ्याला गेले.

वैनी चुलीपुढं भाकरी थापत होती. मी कागद पुढं केला. “नाव बदलतेय. शैलजा. इथं अंगठा द्यायचा.”

तिचे हात थांबले. तिनं पिठाच्या हातानं कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि सरळ चुलीत घातला.

“नावाला हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. “ह्या नावानंच तर तू...” आणि एकदम थांबली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “नको होते तर विहिरीत टाकायचं होतं! जन्मभर ही पाटी गळ्यात कशाला बांधली?”

ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, “कुणाची कोण तू! जा हितनं.”

मी गेले. दुसरी प्रत पिशवीत होती. हसीनामावशी गावची सुईण, माझ्या वेळचं वैनीचं बाळंतपण तिनंच केलेलं. आता थकली होती, दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला अर्ज वाचून दाखवला आणि वैनीनं काय केलं तेही रागारागानं सांगितलं.

मावशीनं शेंगांची पाटी बाजूला सारली. “अंगठा काय, देती की. माझाच हक्क हाय त्यो. तुला म्या इकत घेतलीया.”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. “काय घेतलंय?”

“तुला. मूठभर कोंड्याला.” तिनं मूठ वळून दाखवली. “तुझ्याआधी तीन झाली साखरबाईला. दोन पोरी, येक पोरगा. तिन्ही माझ्याच हातावर आली आन् वरीस भरायच्या आत गेली.”

तीन. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. बावीस वर्षांत कुणी त्यांचं नावसुद्धा माझ्यापुढं काढलं नव्हतं.

“चौथी तू,” मावशी म्हणाली. “पाचवीच्या आदी, सटवाईनं कपाळ लिहायच्या आदीच, तुझ्या आईनं तुला सुपात घातली, उकिरड्यावर ठिवली आन् मागं न बघता गेली. ठरलंच व्हतं आमचं. म्या तुला उचलली, तिच्या पदरात कोंडा टाकला आन् म्हणलं, पोर माझी. मग माझी पोर म्हणून तिनं तुला सांभाळाया नेली. मरणाला वाटाया पायजे, ही टाकलेली, फुकाची, हिला कशाला न्यायची! म्हणून नाव नकुशी. म्हणून नवं कापड न्हाई, कवतिक न्हाई. आई म्हणू द्यायचं न्हाई.”

“आणि केडगाव? ते कशाला?”

“गावात पटकी आली व्हती. तुझा बाप त्यातच गेला. तिसऱ्या दिवशी तिनं तुला माझ्या भावाच्या गाडीत बसवली. गाडी हालली तवा उंबऱ्यातनं पाय काढला न्हाई तिनं, कुणाला माया कळाया नको म्हणून. मग चार दिवस पोटात अन्न न्हाई.”

मला ती गाडी आठवत होती. मी मागं वळून पाहिलं होतं आणि वैनी दारात दगडासारखी उभी होती. त्या एका गोष्टीवरून मी चौदा वर्षं तिचा राग केला.

“हे असंच चालायचं असतं का?” मी विचारलं. “मरेपर्यंत?”

“न्हाई गं. पोर आईच्या खांद्याला लागलं की तेवढाच कोंडा परत द्यायचा आन् सोडवून न्यायचं. दर आखितीला येती ती. सुपात कोंडा घिऊन. तू बसलीस ना, तितंच बसती. म्हणती, हसीना, ह्या साली नको. पोरीचं बरं चाललंय, कशाला मरणाला सुगावा लागू द्यायचा? आन् कोंडा घिऊन परत जाती.”

“गेल्या अक्षय्य तृतीयेलासुद्धा?”

“गेल्या आखितीलासुद्धा.”

मी उठले. अर्ज तिथंच राहिला. घर चार पावलांवर होतं, पण मला रस्ता दिसत नव्हता. दहा वेळा फळ्यावर लिहिलेला तो ‘वर्थ’, आणि एका म्हातारीनं दाखवलेली मूठ. मी शिकवत काय होते कोण जाणे.

वैनी आता अंगणात होती. सूप घेऊन धान्य पाखडत होती आणि पायाशी कोंडा पडत होता. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिच्यापेक्षा मी वीतभर उंच झाले होते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “आई.”

सूप तिच्या हातातून पडलं. ती धावत आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. तिचे डोळे माझ्याकडं नव्हते. छपराकडं, रस्त्याकडं, उकिरड्याकडं भिरभिर फिरत होते. एवढी भ्यालेली बाई मी आजवर पाहिलेली नाही.

“कुणाची आई? कोण आई?” ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायला लागली. “पडीक मेली! उकिरड्यावरची! खायाला काळ आन् भुईला भार! मला काय करायची आसली पोर!” शिव्या थांबत नव्हत्या. आणि दुसऱ्या हातानं ती माझं कपाळ चाचपत होती, मान चाचपत होती, ताप तर नाही ना ते बघत होती.

या शिव्या मी जन्मभर ऐकल्या होत्या आणि प्रत्येक वेळी उलट बोलले होते.

मी तिचा हात तोंडावरून हळूच काढला, पण सोडला नाही.

“व्हय वैनी,” मी म्हणाले. तिच्याइतक्याच मोठ्यानं म्हणाले, जो कोणी ऐकत असेल त्याला नीट ऐकू जावं म्हणून. “नकुशीच हाय मी. नकुशीच राहणार.”