एकाच रोलवर दोनदा

सहाव्या अमावास्येला सकाळी सात वाजताच रुकडीच्या अलीकडं रुळाकडेला तीन-चारशे माणसं जमली होती. हुपरीहून, कागलहून, थेट गडहिंग्लजहून माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपा भरून आल्या होत्या. नारळांचा ढीग, उदबत्त्यांचा धूर, चिरमुऱ्यांचे दोन गाडे. मधोमध टेबलावर हार घातलेला एक फोटो. फोटोत समोरून येणारं कोयना एक्सप्रेसचं इंजिन आणि त्याच्या पुढ्यात रुळांमध्ये पांढऱ्या साडीतली सुष्मिता, हसत उभी. तिच्या अंगातून इंजिनाचा दिवा आरपार दिसत होता.

सुष्मिता दिवाळीच्या आधी याच जागी गाडीखाली गेली होती. फोटो दिवाळीनंतरचा होता. माणसं बघत होती आणि हात जोडत होती.

"देह गेला, पर पोरगी जागेवरनं हललेली न्हाई," केरबा महाराज सांगत होता. हा वर्षापूर्वी बाजारात ताईत विकायचा. आता भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटावर सोनेरी घड्याळ. "पायाशी काय हाय बघा. कलश! देवीनं दिलाय. पर पोरगी एकली हाय, तिला सोबत पायजे. धाकटीनं सात अमावास्या गाडी जाताना हितं उभं ऱ्हायाचं. पयल्यांदा सात पावलांवर, मग सहा, मग पाच. शेवटाला एक. तवा थोरली सुटंल. न्हाई उभी ऱ्हायली तर धाकटीला घिऊन जाईल."

धाकटी म्हणजे सौंदर्या, पंधरा वर्षांची. त्या दिवशी ती हातात लिंबू धरून, डोळे मिटून रुळापासून दोन पावलांवर उभी होती. मागं तिची आई रत्नव्वा पदर तोंडात धरून. ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटला. गाडीच्या वाऱ्यानं पोरीची ओढणी उडाली, ती भेलकांडली आणि खडीवर पडली. दोन्ही गुडघे फुटले. थोडी पुढं पडली असती तर हे लिहायला वेगळं कारण मिळालं असतं.

"बघितलंसा? थोरलीनं वढली!" महाराज ओरडला. गर्दीनं जयजयकार केला.

मीही तिथंच होतो, गळ्यात कॅमेरा अडकवून. तो फोटो कसा झाला हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं, कारण तो मीच काढला होता.

माझं नाव शशिधर. कोल्हापुरात माझा स्टुडिओ आहे आणि रविवारी रुळाकडेला उभं राहून गाड्यांचे फोटो काढायचा नाद आहे. दसऱ्याच्या सुमारास रत्नव्वा सुष्मिताला स्थळासाठी फोटो काढायला घेऊन आली होती. काळ्या पडद्यापुढं पोरीला उभी केली, शेजारी फुलदाणी ठेवली आणि तीन फोटो काढले. छत्तीस फोटोंचा रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, ही आमच्या धंद्यातली काटकसर. मध्येच लग्नाचं काम आलं की अर्धा रोल गुंडाळून, फिल्मच्या टोकाची जीभ बाहेर ठेवून काढायचा आणि वापरलेल्या फोटोंचा आकडा डबीवर पेन्सिलनं लिहायचा. पुन्हा घालताना लेन्सला झाकण लावून तेवढे फोटो पुढं सरकवायचे. फोटो अजून मिळाले नव्हते तोवर पोरगी गेली. सकाळच्या धुक्यात, कानाला स्कार्फ बांधून, बस गाठायला रूळ ओलांडत होती. गाव म्हणालं, जीव दिला. रत्नव्वा त्या बोलण्यानं अर्धी झाली होती.

पुढं एका रविवारी घाईत सुष्मिताचा तोच अर्धा रोल कॅमेऱ्यात घातला आणि सरकवायला विसरलो, म्हणून तिच्या फोटोंवरच नवे फोटो पडले. स्थळाचे फोटो उभे, आणि समोरून येणारं इंजिनही मी उभंच घेतो. सुष्मिताच्या मागच्या काळ्या पडद्यावर कोयना येऊन बसली.

फोटोची छाप हातात आली तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. टाकून द्यायला हवी होती. पण बाकीचे दोन फोटो पार बिघडले होते, पोरीची दुसरी छाप नव्हती, म्हणून रत्नव्वाला नेऊन दिली. तिनं फोटो छातीशी धरला आणि म्हणाली, "तितंच हाय की माझी पोरगी. ती मेल्याली न्हाई." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. धंद्यातली चूक गावभर होईल, हीही भीती होती. दया आणि भित्रेपणा त्या दिवशी मला वेगळे ओळखता आले नाहीत. आठवड्याभरात केरबा तिच्या दारात जाऊन बसला.

सौंदर्या पडली त्याच दिवशी मी डिजिटल कॅमेरा घेऊन महाराजापुढं गेलो. गाडी जाताना काढलेले वीस फोटो तिथल्या तिथं पडद्यावर सगळ्यांना दाखवले. गाडी होती, सुष्मिता नव्हती.

"ह्यात कशी येणार?" महाराज हसला. "फिल्मला चांदी असत्या. चांदीवर आत्मा बसतो. ह्या डब्यात चांदी हाय का? न्हाई."

फिल्मला चांदी लागते, हे खरं. ज्यांची हयात चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडण्यात गेली होती, त्या हुपरीच्या लोकांना ते लगेच पटलं. अर्ध्या खऱ्यावर सगळं खोटं उभं करायचं, हीच तर या लोकांची विद्या. मी म्हटलं, ठीक आहे. चांदीच वापरू.

चार दिवसांनी फिल्मचा कॅमेरा आणि काळं घोंगडं घेऊन मी महाराजाच्या मठात गेलो. "महाराज, मागं हे लावतो. तेज उठून दिसतं." महाराज खुशीत दोन्ही हात वर करून उभा राहिला. मी रोल गुंडाळला, तसाच परत घातला आणि दुसऱ्या सकाळी रुळाकडेला जाऊन कोयना टिपली. पन्नास प्रती काढल्या.

सातव्या अमावास्येला गाडी यायच्या अर्धा तास आधी त्या गर्दीत वाटल्या. इंजिनापुढं रुळांमध्ये महाराज, हात वर करून, छातीतून दिवा आरपार.

"हे कोण?" मी विचारलं.

"महाराज की," एकजण म्हणाला.

"मेलेत का?"

माणसं फोटोकडं आणि महाराजाकडं आळीपाळीनं बघू लागली. मग मी सगळं सांगितलं, रोलची डबी दाखवून, पायरी पायरीनं. पिशवीतून स्टुडिओतली प्लास्टिकची फुलदाणी काढून फोटोशेजारी ठेवली. "हा तुमचा कलश. चूक माझी होती. त्या दिवशी सांगितलं नाही, ही दुसरी चूक."

महाराज सावरला. "आमचा आत्मा हिंडत असतोय. चांदीला दिसला. त्यात काय?"

रत्नव्वा इतका वेळ दोन्ही फोटो जवळ धरून बघत होती. ती उठली आणि सौंदर्याच्या हातातलं लिंबू काढून महाराजापुढं धरलं.

"आज तुमी उभं ऱ्हावा. एका पावलावर."

"अव्वा, आमचं काम मंत्राचं..."

"माझी पोर सहा म्हैने उभी ऱ्हायली. तुमी एकडाव ऱ्हावा की."

लांबून हॉर्न ऐकू आला. महाराज दोन पावलं मागं सरला, मग आणखी दोन, मग जीपकडं वळला. गाडी आली आणि गेली. रुळाजवळ कुणी नव्हतं. बरीच माणसं पांगली. काहींनी जाताना नारळ परत उचलले, दोघातिघांनी मलाच शिव्या घातल्या.

"मग ती तितं न्हाईच," रत्नव्वा म्हणाली.

"न्हाई, अव्वा."

ती मटकन खाली बसली आणि दिवाळीपासून अडवून धरलेलं रडणं रडली. तिची पोर माझ्यामुळं दुसऱ्यांदा गेली, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

सौंदर्या मात्र माझ्याकडंच बघत होती. "तुमाला पयल्यापास्नं ठावं हुतं?"

"व्हय."

"मग मी तितं उभी ऱ्हात हुते तवा तुमी कुठं हुता?"

सहाव्या वेळी तर मी कॅमेरा घेऊन त्याच गर्दीत होतो. म्हणून एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं केलं? आणि ज्याला ते माहीत आहे त्यानं पहिल्याच दिवशी, समोरचा कितीही रडत असला तरी, बोलावं. मी बोललो नाही, आणि एक पंधरा वर्षांची पोर सहा वेळा रुळाकडेला जाऊन उभी राहिली.