सिस्टरनं लॅपटॉप उघडला

आत्याला गाड्यांच्या शर्यतींचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. चौतीस वर्षं तिनं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काम केलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि थोरल्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहिली. भाची नोकरीसाठी लांब गेली तेव्हा आपला गेमिंग लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आत्तू, हा आता तुझा. पत्ते खेळ, वेळ जाईल."

पत्त्यांवर आत्या आठवडाभर टिकली. मग तिला त्यात शर्यतीचा गेम सापडला, आणि वर्षभरात ती चौदा जणांच्या ऑनलाइन गटात पिवळी गाडी पळवायला लागली. तिथे तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. दर रविवारी दुपारी चारला शर्यत असे.

पण लॅपटॉपला सात वर्षं झाली होती. चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घ्यायचा. तिसऱ्या फेरीत पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, बटणं चटका देण्याइतकी तापायची आणि पाचव्या फेरीत पडदा काळाठिक्कर. लागोपाठ चार रविवार तिची शर्यत अशीच अर्ध्यात राहिली.

"टाक तो भंगारात," दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "साठी उलटली तुझी. तुला कशाला लागतो?"

हे वाक्य आत्याच्या ओळखीचं होतं. पुढची खिडकीची खोली दादाच्या कागदपत्रांसाठी गेली तेव्हाही 'तुला एकटीला कशाला लागते' होतं. तिची स्कूटर दादाच्या मेहुण्याकडे गेली तेव्हाही तेच. दर वेळी ती गप्प बसली होती. या वेळी ती लॅपटॉप पिशवीत घालून बाहेर पडली.

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तो उलटापालटा करून पाहिला. "गेम कोण खेळतं काकू, नातू?"

"मी."

तो हसला, आणि काउंटरवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही त्यानं हसायला लावलं. "याच्यात आता जीव नाही. नवा घ्या. पत्ते खेळायला साधा पुरेल."

"मेमरीची दुसरी जागा रिकामी आहे, मी सेटिंगमध्ये बघितलंय," आत्या म्हणाली. "एक पट्टी द्या. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवायचीय, ती द्या. आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब."

"बसवणार कोण?"

"बसवणारी समोर उभी आहे."

"बघा हं, काही मोडलं तर माझ्याकडे यायचं नाही."

"माझ्या हातून मोडलं तर मी बघीन. तुमच्या हाती देऊन मोडून घेण्यापेक्षा ते बरं!"

घरी येऊन तिनं दोन दिवस व्हिडिओ पाहिले, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवून घेतलं, आणि बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला. वहिनीनं ताटं स्वयंपाकघरात हलवली.

आत्यानं स्क्रू काढले आणि ज्या जागेचा जो, त्या क्रमानं कागदावर मांडले. अकरा. दोनदा मोजले. थिएटरमध्ये कापसाचा एक बोळा कमी भरला तरी तिनं मोठमोठ्या सर्जनना टाका घालू दिला नव्हता. खालचं झाकण निघेना तेव्हा फटीत हॉस्पिटलचं जुनं ओळखपत्र सरकवून तिनं ते कडेकडेनं सोडवलं. आधी बॅटरीची वायर काढली. पंख्याच्या जाळीत धुळीचा बोटभर जाड नमदा बसला होता.

"अगंबाई," वहिनी वाकून म्हणाली, "याचा तर श्वासच कोंडला होता की!"

"आणि सगळे म्हणत होते म्हातारा झाला."

तिनं जाळी साफ केली, चिप थंड ठेवणारी, पण वाळून खडू झालेली जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसून नवी लावली, डिस्क बदलली, पट्टी बसवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

पडदा काळाच.

"झालं समाधान?" दादा दारातूनच म्हणाला. "तरी मी सांगत होतो. हात दाखवून अवलक्षण!"

आत्याचे कान तापले. पण हात तापू द्यायचे नाहीत ही चौतीस वर्षांची सवय होती. तिनं पुन्हा अकराच्या अकरा स्क्रू काढले. मेमरीची पट्टी एका कोपऱ्यात केसभर वर राहिली होती. तिनं अंगठ्यानं दाबली. कट् असा आवाज आला. झाकण लावून पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला, आणि वहिनीनं वीस मोजायच्या आत लॅपटॉप तयार होता.

दादानं चष्मा लावून पाहिलं. "अरे वा! चांगलाच पळतोय की. मग असं कर, मेहुण्याच्या मुलीला देऊन टाक. तिला कॉलेजला हवाच आहे. मी कळवतो त्यांना. तुला कशा—"

"कळव," आत्या म्हणाली. "कळव की आत्या देत नाही."

"अगं, शिक्षणासाठी मागतोय!"

"तिनं यावं, मी तिला जुना लॅपटॉप कसा दुरुस्त करायचा ते शिकवते. हा माझा आहे. मला खेळायला लागतो. आणि दादा, खोली दिली, स्कूटर दिली, तेव्हाही मला लागत होती. मी बोलले नाही, ही माझी चूक."

दादाचा चेहरा पडला. तो वहिनीकडे वळला. "ऐकलंस?"

"ऐकलं," वहिनी म्हणाली. "बरोबर बोलली ती."

रविवारी चारला आत्या त्याच टेबलावर बसली. पहिल्याच वळणावर ती घसरून शेवटच्या नंबरावर गेली, आणि मग एकेकाला गाठत सुटली. वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "ती लाल गाडी आडवी येतेय. घुसव ना!" पाचवी फेरी गेली, आठवी गेली, पंखा मंद गुणगुणत राहिला. दहाव्या, शेवटच्या फेरीला आत्या नववी आली. चौदात नववी! वहिनीनं टाळ्या वाजवल्या.

दादा चार दिवस अबोला धरून होता. आजवर तो रुसला की आत्याच त्याची समजूत काढायला जायची. या वेळी गेली नाही. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून विचारलं, चहा घेणार का.

"घेईन," ती म्हणाली. "इथेच आणून दे. सराव चाललाय."