मिस्त्रींचा मुक्काम

"पाणी नको," मिस्त्री म्हणाले आणि लेकीने पुढे केलेला पेला त्यांनी दोन बोटांनी मागे सारला. ऊन चढायच्या आत गच्चीचं काम उरकायचंय, पाणी काय कुठं पळून जातंय का, असं काहीबाही पुटपुटत ते हत्यारांची पिशवी उचलून जिन्याकडे निघालेसुद्धा. लेक भरला पेला घेऊन दारातच उभी राहिली. मिस्त्रींनी वळून तिचा चेहरा बघितला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं, पण ते वळले नाहीत.

सगळं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणे. गच्च्यांची गळती थांबवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. कुणाच्या छतातून पाणी टपकलं की खाली बादली ठेवायची आणि मिस्त्रींना निरोप धाडायचा, एवढंच लोकांना माहीत. आणि अशा माणसाची स्वतःचीच गळती सुरू व्हावी! नशीब चेष्टा करतं, पण इतकी? दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते छान झालं, दिवसाचा ताबाही हळूहळू परत आला, धास्ती तेवढी राहिली. रात्रीचा मात्र काही केल्या येईना. डोळा लागला की लागला, सकाळी अंथरूण ओलं. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. मिस्त्री गेले नाहीत. नातवंडं व्हायच्या वयात डॉक्टरसमोर बसून हे सांगायचं कोणत्या तोंडाने, हा त्यांचा सवाल होता.

बायकोखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, आणि तिला त्यांनी शपथ घातली होती. त्यामुळे लेकीकडे आलं की बायको चार दिवस राही आणि मिस्त्री संध्याकाळच्या गाडीने घरी परतत. कारण एकच, मांजर उपाशी असेल. ते मांजर कधीच घर सोडून गेलं होतं, तरी कारण अजून नोकरीवर होतं.

त्या ऑपरेशनच्या सुमारासच लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा मिस्त्री फार तापले होते. मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंगाच्या डब्यावर संसार चालतो का, असं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. तो राग केव्हाच विरला. आता तर बसच्या खिडकीतून जावयाची एखादी पाटी दिसली की ते शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून दाखवत. पण हे लेकीला कोण सांगणार? तिला दिसत होतं ते एवढंच, की बाप येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि दिवे लागायच्या आत निघतो. मागच्या खेपेला ती गाडीपर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, "बाबा, या घरात तुम्ही एकदाही झोपला नाहीत. मी समजायचं ते समजले." मिस्त्री घाईने गाडीत चढले. वाटभर मात्र त्यांच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. मुलगी हातची जाते आहे आणि कशापायी, तर चादरीपायी.

घरी त्यांनी स्वतःवर इलाज चालवला होता, तोही अस्सल मिस्त्रीच्या अकलेने. गळतंय ना? थर वाढवा. बाजारात मिळेल तेवढ्या मोठ्या मापाचा डायपर, त्यात एक पॅड, त्यावर दुसरं पॅड, खाली रबरी कापड आणि त्याखाली जाड प्लॅस्टिक. रात्री कूस बदलली की अंथरूण असं करकरायचं की बायको दचकून उठायची. शिवाय दुपारनंतर पाण्याचा थेंब नाही, आणि लेकीकडे जायच्या दिवशी तर सकाळपासूनच कडकडीत उपास. तिजोरीलाही एवढा बंदोबस्त नसतो. तरी सकाळी चादर ओली ती ओलीच, वर मांड्यांना पुरळ आलेलं ते वेगळंच.

आज लेकीच्या वरच्या गच्चीतून भिंतीत ओल उतरत होती म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं, आणि बायकोला घेऊन ते सकाळीच हजर झाले होते. कामाचं नाव काढलं की मिस्त्री दुःखबिख विसरत. त्यांनी कोपऱ्यातला थर उकरला आणि आधीच्या कारागिराच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. त्या गड्याने थरावर थर चढवले होते, इतके की पाणी जायच्या पायपाचं तोंडच त्याखाली गाडलं गेलं होतं. पाणी साचलं, वाट मिळेना, मग ते कडेकडेने भिंतीत शिरलं. अरे, पाणी अडवायचं नसतं बाबा, त्याला वाट दाखवायची असते, हे मिस्त्री त्या गैरहजर माणसाला मोठ्याने समजावत होते. समजावता समजावता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातोडी खाली ठेवून ते टाकीच्या सावलीत मटकन बसले.

त्याच वेळी विहीणबाई जिना चढून वर आल्या. जावयाची आई, त्या लेकीच्याच घरी राहायच्या. शाळेत खेळाच्या बाई म्हणून त्यांनी सगळी कारकीर्द शिट्टीवर काढलेली, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे आणि हळू चालताही येत नसे. मिस्त्रींशी त्यांचं आजवरचं बोलणं म्हणजे या, बसा आणि सावकाश जा. व्याह्याने आणि विहिणीने एकमेकांशी याहून जास्त बोलायचं नसतं, अशी दोघांचीही समजूत होती. आज त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यांनी मिस्त्रींपुढे धरली. मिस्त्रींनी मान हलवली. विहीणबाईंनी इकडेतिकडे बघून गच्चीवर दुसरं कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज जमेल तेवढा खाली आणला.

"व्याहीबुवा, राग मानू नका. रात्रीचं काय करता?"

"रात्रीचं म्हणजे?"

"म्हणजे मला जे होतं त्याचं."

मिस्त्री गच्चीवरून खाली उडी घेता येईल का, याचा विचार करू लागले. पण विहीणबाई खुशाल पालथ्या बादलीवर बसल्या आणि सांगू लागल्या. शेवटच्या बाळंतपणापासून त्यांना हा त्रास होता. पहिली काही वर्षं त्याही रडल्या, लपल्या, कुणाकडे राहायला गेल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसणं, उठलं की आधी हात मागे नेऊन चाचपणं, गडद रंगाचेच कपडे, गेल्या गेल्या मोरी कुठं आहे ते बघून ठेवणं, पाण्याला नको म्हणणं आणि रात्री कधीच न राहणं, ही सगळी लक्षणं त्यांनी मिस्त्रींमध्ये केव्हाच ओळखली होती. चोराची पावलं चोराला कळतात, असं त्या म्हणाल्या. आता त्या मैत्रिणींबरोबर सहलीला जातात, एका खोलीत पाचजणी झोपतात आणि कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही.

शेवटचं वाक्य ऐकून मिस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली. मग त्यांनी आपला बंदोबस्त सांगितला. आधी चाचरत, पुढे पुढे कारागिराच्या तोऱ्यात, एकेक थर हातांनी रचून दाखवत. विहीणबाई ऐकत गेल्या आणि हसू आवरेना तेव्हा पदराने डोळे पुसू लागल्या.

"अहो, पॅडच्या खाली प्लॅस्टिक असतं ना? मग वरचं भरल्यावर खालच्यात पाणी शिरेल कुठून? ते कडेनेच जाणार."

 मिस्त्रींची नजर हळूहळू त्या कोपऱ्याकडे गेली, जिथे गाडलं गेलेलं पायपाचं तोंड त्यांनी नुकतंच उकरून काढलं होतं. मघापासून ते ज्या गड्याचा उद्धार करत होते, तो गडी दोन वर्षं त्यांच्याच अंथरुणावर झोपत होता. त्यांच्या पोटातून हसू उठलं आणि ते इतके हसले, इतके हसले, की पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. असं ते कितीतरी दिवसांत हसले नव्हते.

मग खेळाच्या बाईंनी तास घेतला. माप मोठं घेतलं की जास्त मावतं हा गैरसमज; उलट मांडीशी फट राहते आणि तिथूनच गळतं. कमरेचं माप घ्यायचं, मांडीपाशी असलेली झालर बोट फिरवून बाहेर काढायची. जादा हवंच तर खाली प्लॅस्टिक नसलेलं पॅड आत ठेवायचं, म्हणजे पाणी त्यातून खालच्यात उतरतं. पुरुषांनी घालताना खालच्या दिशेने नीट बसवून घ्यायचं, हे सांगताना त्यांनी तेवढ्यापुरतं आभाळाकडे बघितलं. पाणी तोडलं की लघवी तीव्र होऊन आणखी त्रास देते, म्हणून दिवसभर प्यायचं आणि झोपायच्या दोनेक तास आधी आवरतं घ्यायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. झोपताना जाऊन यायचं आणि थोडं थांबून पुन्हा जायचं. एवढं करूनही डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे दाखवायचं, कारण यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, आणि लाजून आजवर कुणी बरं झालेलं नाही. मिस्त्री शाळकरी पोरासारखे माना डोलवत होते. बाटली कधी रिकामी झाली ते त्यांनाही कळलं नाही.

काम संपवून ते खाली आले तेव्हा लेक ओट्यापाशी होती. मिस्त्री खुर्चीवर बसले, चांगले टेकून बसले आणि म्हणाले, "पाणी दे गं."

लेक हलली नाही. मग तिने पेला भरला, त्यांच्या हातात दिला, आणि ते पाणी पिताना बघता बघता तिचे डोळे भरून आले. मिस्त्री घाबरले. काय झालं, काय झालं, म्हणून उठू लागले.

"तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. "लग्नाच्या वेळी. तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं."

मिस्त्रींना आठवेना. मग आठवलं. रागाच्या भरात माणूस दहा गोष्टी बोलतो आणि बोलणारा विसरतो. ऐकणारा विसरत नाही. इतक्या वेळा ते या घरी आले आणि दर खेपेला या पोरीने पेला पुढे केला, आणि दर खेपेला त्यांनी नको म्हटलं. आपण आपली चादर वाचवत होतो आणि ही बिचारी दर वेळी तोच घाव झेलत होती. मिस्त्रींना स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्यापुढे ती दुसरी लाज अगदीच किरकोळ झाली.

"अगं वेडे, मी रात्री अंथरूण ओलं करतो," ते म्हणाले. "ऑपरेशनपासून. म्हणून पीत नाही आणि म्हणून राहत नाही. राग कसला धरतोय मी?"

 "एवढंच?" लेकीने विचारलं. ते एवढंच तिने असं काही विचारलं, की मिस्त्रींची दोन वर्षं तिथल्या तिथे हलकी झाली. मग ती रडली, मग हसली, मग आईकडे वळून रागावली, की तुला माहीत होतं आणि तू मला बोलली नाहीस. बायकोने कोपऱ्यात बसून कपाळाला हात लावला. शपथेचं ओझं काय असतं ते मला विचारा, म्हणाली, आणि पोटभर हसून घेतलं.

पुढची संध्याकाळ म्हणजे नुसती धमाल होती. विहीणबाईंनी शिवणाची टेप आणून बायकोच्या हाती दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून माप विचारलं. बायकोने सांगितलेला आकडा मिस्त्रींना पटला नाही, ते पोट आत ओढू लागले, आणि त्यावरून दोघांची जुंपली. जावयाला औषधांच्या दुकानात पाठवलं. मिस्त्री त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते. तो परत आला, पिशवी त्यांच्या खोलीत ठेवली आणि मधलं माप मिळालं, आत ठेवायचं पॅडही मिळालं, दुकानदार स्वतःच्या वडिलांसाठी हेच नेतो, असं भिंतीला कोणता रंग घेतला ते सांगावं इतक्या सहज सांगून मोकळा झाला. मिस्त्रींनी मग त्याला जवळ बसवून घेतलं आणि बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्याच्या पाट्यांची एकेक करून तारीफ केली. जावई लाजून लाल झाला. संध्याकाळची गाडी कधी गेली, ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

सकाळी मिस्त्रींना जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आत आलं होतं. त्यांचा हात सवयीने पाठीखाली गेला, मग कमरेखाली, मग चादरीच्या कडेपर्यंत. पॅड जड झालं होतं. चादर कोरडी होती. त्यांनी पुन्हा एकदा हात फिरवला, कारण विश्वास बसत नव्हता. गेली दोन वर्षं जागं होणं म्हणजे ताडकन उठणं, चादर ओढणं, कुणी बघायच्या आत बोळा करून मोरीत नेणं. आज उठायची घाईच नव्हती. काय करावं ते न सुचून ते तसेच पडून राहिले, छताकडे बघत.

बाहेर भांड्यांचा आवाज होत होता. विहीणबाईंचा आवाज नेहमीसारखा साऱ्या घरात घुमला. तेवढ्यात दार हळूच किलकिलं झालं, क्षणभर तसंच राहिलं आणि पुन्हा लागलं. मग लेकीचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. ते तिने आधी आईला सांगितलं, मग नवऱ्याला, मग सासूला, प्रत्येकाला वेगवेगळं जाऊन.

"हळू बोला. माझे बाबा झोपलेत अजून."

तिचं बोलणं खोटं पडू नये म्हणून मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.