विल्हेल्मातली रंगीत तालीम

संपदाच्या दोन्ही पासपोर्टांचं जुडगं गेली सात वर्षं एकाच लाल रबरबँडात होतं. वर चालू पासपोर्ट, खाली कोपरा कापलेला जुना. जुना टाकायचा नाही, कारण त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. लग्न झालं त्या वर्षी पुष्करला कंपनीने डेट्रॉइटला धाडलं होतं, तेव्हा तिने मुंबईत उन्हात उभं राहून तो मिळवला होता. त्या व्हिसाचा तिला फार आधार वाटे. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या मैत्रिणी व्हिसाच्या नावाने कपाळाला हात लावायच्या, तेव्हा ती नुसती हसायची. माझा आहे की, दहा वर्षांचा.

मागच्या वर्षी पुष्कर जर्मन नागरिक झाला आणि त्याच्या अर्जावरच त्यांची मुलगी, आता सात वर्षांची असलेली ईप्सिताही झाली. संपदाने आपला अर्ज अर्धा भरून ठेवला होता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तो फोल्डरमध्ये राहिला. खरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं. भारताचा पासपोर्ट परत द्यायचा म्हटलं की माहेरच्या घराची किल्ली परत दिल्यासारखं वाटायचं, एवढंच.

तर पुष्करने हौसेने म्युनिकहून सॅन डिएगोची तीन तिकिटं काढली. जूनच्या सुट्टीतले पंधरा दिवस. त्याचा थोरला भाऊ रुपेश तिथे होता आणि सासूबाई, कुसुमताई, जानेवारीपासून रुपेशकडेच होत्या. गुडघे पार गेले होते. नाशिकला परतल्यावर ऑपरेशन, आणि त्यानंतर इतका लांबचा प्रवास नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. ईप्सिताला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता ती पहिलीत, समोरचे दोन दात पडलेले.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर कुसुमताई नातीला शहर दाखवत. काय काय बघायचं याची त्यांची यादी तयारच होती. प्राणिसंग्रहालय तर एवढं मोठं की आत बस फिरते. जुन्या बागेत लाकडी घोड्यांचं चक्र आहे, त्यावर आजी स्वतः बसली होती, उतरवायला दोन माणसं लागली. बंदरात विमानांची बोट उभी आहे. आणि समुद्राकाठी खडकांवर ते सी-लायन, म्हशींसारखे लोळत असतात, कुणी हाकलत नाही. ईप्सिता कान देऊन ऐकायची, उत्तरं मात्र जर्मनमध्ये द्यायची. मराठी तिला सगळं कळे, पण तोंडातून निघायचं "या" आणि "गेनाऊ", म्हणजे हो आणि बरोबर. कॉल संपला की ती ऐकलेलं चित्रात काढायची. फ्रिजवर तिची यादी चिकटवलेली होती: वाघ, घोडा, बोट, सी-लायन, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठी, आजी.

विमान नऊ दिवसांवर आलं तेव्हा पुष्कर लॅपटॉपवर प्रवाशांची माहिती भरत बसला. संपदाच्या व्हिसाची शेवटची तारीख त्याने विचारली. तिने रबरबँड काढला, जुना पासपोर्ट उघडला आणि तारीख वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. एप्रिलची चौदा. याच वर्षीचा एप्रिल. दहा वर्षं म्हणजे दहाच वर्षं असतात, हे घरातल्या दोन इंजिनिअरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

जर्मन पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, त्या दोघांचं ऑनलाइन परवानगीचं काम दहा मिनिटांत झालं होतं. संपदाला मुलाखतीची तारीख मिळत होती ती सप्टेंबरची.

पुष्कर म्हणाला, सगळंच रद्द करू. तो मनापासून म्हणाला, म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं. तिने फ्रिजकडे पाहिलं. शेवटच्या चित्रातल्या आजीला हात इतके लांब काढले होते की ते कागदाबाहेर जात होते. तुम्ही दोघं जा, असं ती म्हणून गेली. पण ईप्सिता आजवर एक रात्रही आईशिवाय झोपली नव्हती. आणि खरं बोलायचं तर आईही तिच्याशिवाय झोपली नव्हती. मुलगी तिकडे तिसऱ्या दिवशी आईसाठी रडून ताप काढेल, आणि आपण इथे दहा हजार किलोमीटरवर फोन धरून बसू, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

ईप्सिताला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. वेणी कोण घालणार, एवढंच तिने विचारलं. बाबा, असं उत्तर मिळाल्यावर तिने बाबाकडे जी नजर टाकली, ती परीक्षेला न बसलेल्या डॉक्टरकडे टाकावी तशी होती.

कुसुमताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू नाहीस म्हणजे तुझ्या वाटचं मीच बघायचं ना? बघीन गं. पण तिला काही हवं असलं तर ती मला सांगेल कशात? मला तर तिचं एक अक्षर कळत नाही." आणि लगेच सूर बदलून, "आणि पुष्कर काय वेणी घालणार. सातवीपर्यंत त्याच्या बुटाची नाडी मी बांधलीय."

पुष्करने हे ऐकलं आणि त्याला ते लागलं. त्याच संध्याकाळी तो दोरीचे तीन तुकडे दाराच्या मुठीला बांधून वेणीचा सराव करताना दिसला.

तालमीची कल्पना संपदाची. रविवारी त्या दोघांनीच दिवसभर बाहेर जायचं. स्टुटगार्टच्या विल्हेल्मात जायचं, तिथे प्राणी आहेत, बाग आहे, सी-लायनही आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. ती फोन करणार नाही, त्यानेही करायचा नाही. प्रोटोटाइप टेस्ट का, असं पुष्करने विचारलं. हो, तसंच समज, असं ती म्हणाली आणि त्याच्या हातात पिशवी दिली. पिशवीत पोळीभाजीचे रोल, टोपी, जादा मोजे आणि तेवीस कलमांची यादी. कलम चार: नाही म्हणाली तरी टॉयलेटला नेणे. कलम अकरा: एकदम गप्प झाली तर भूक लागलेली असते. कलम सतरा: खालचा ओठ बाहेर आला की अर्ध्या मिनिटात उचलून घेणे, उशीर झाला तर पुढचा तास गेला.

दोघं यू-सहा नंबरची ट्राम पकडून गेले. वेणी डाव्या कानाकडे झुकलेली होती. संपदाने ती सरळ केली नाही, हात मागे बांधून उभी राहिली.

घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. तिने चहा केला आणि गरम असतानाच प्यायली. चहा गरमही असतो हे ती विसरली होती. मग ते संमतिपत्र पुढ्यात ओढलं. आई बरोबर नसली तर मुलीला वडिलांबरोबर देशाबाहेर जायला आईची परवानगी आहे, असा कागद जवळ असलेला बरा, असं पुष्करच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. मी, खाली सही करणार, इथपर्यंत वाचून तिने पेन खाली ठेवलं.

साडेअकराला ती स्टॉपवर होती. आपण जरा मोकळं फिरायला चाललोय, असं तिने स्वतःला सांगितलं. स्टेशनवर गाडी बदलली तेव्हाही तेच सांगितलं. विल्हेल्माच्या खिडकीवर एका मोठ्या माणसाचं तिकीट मागताना मात्र सांगण्यासारखं काही उरलं नाही. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. अंगातलं जॅकेट मोहरीच्या रंगाचं, लांबून ओळखू यावं असं आहे, हे तिला आत शिरल्यावर सुचलं.

ती सी-लायनच्या तळ्यापाशी एका जाड झाडाआड उभी राहिली. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, कॅलिफोर्नियाचे सी-लायन. म्हणजे आजीच्या खडकांवरचेच, त्यांचे इकडचे भाऊबंद.

दोघं आले ते खाणं घालायच्या वेळेला. ईप्सिता कठड्याला चिकटून उभी, हातात आइस्क्रीम. वेणी आता अर्धी सुटली होती. बादलीतला मासा उडाला, एक धूड पाण्यात कोसळलं, पाण्याचा लोट वर आला आणि ती दचकून मागे सरली. आइस्क्रीम जमिनीवर पडलं.

संपदाला खालचा ओठ दिसला. कलम सतरा. ती झाडाबाहेर दोन पावलं आली.

पुष्करने तिला उचलून घेतलं नाही. तो सावकाश उकिडवा बसला आणि पडलेल्या आइस्क्रीमकडे एखाद्या बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं बघायला लागला. अर्धं मिनिट गेलं. संपदाने श्वास धरून ठेवला होता. मग कुठून तरी एक चिमणी आली, तिने कोनाचा तुकडा टिपला, दुसरी आली, आणि पहिलीने तिला चोच मारली. पुष्कर काहीतरी बोलला. ईप्सिताही त्याच्या शेजारी उकिडवी बसली. ओठ आत गेला. थोड्या वेळाने तिच्या पडलेल्या दातांची फट दिसली, म्हणजे ती हसत होती.

उठता उठता तिने मान वळवून इकडे तिकडे पाहिलं. संपदा झटकन झाडाआड झाली. पुन्हा डोकावली तेव्हा ईप्सिता टाचा उंचावून बाबाच्या कानात काही सांगत होती. पुष्करने वळून पाहिलं नाही. बाटली काढून तो पाणी प्यायला, जरा जास्तच वेळ. मग दोघं हात धरून पलीकडच्या वाटेने माकडांकडे निघून गेले.

संपदा बाकावर बसली आणि थोडी रडली. रडू कशाचं, याचा निकाल तिने लावला नाही. घरी येऊन तिने संमतिपत्रावर सही केली आणि जॅकेट कपाटात सगळ्यात मागे टांगलं.

सहा वाजता स्वारी परतली. पुष्करचा अहवाल दोन वाक्यांचा होता. सगळं ठीक झालं. यादी चौथ्या कलमापर्यंत वाचली, मग वेळच मिळाला नाही. कुठे रडली का, असं संपदाने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. पुष्कर सिंककडे तोंड करून डबा घासत म्हणाला, नाही बुवा. त्याचे खांदे हलत होते.

ईप्सिता टेबलाशी रंग काढून बसली होती. चित्र पुरं झालं तेव्हा तिने ते आईकडे सरकवलं. तळं. त्यात म्हशीएवढा सी-लायन. काठावर दाढीवाला बाबा, वाकड्या वेणीची ती, दोन चिमण्या. आणि कोपऱ्यात एक झाड. झाडाच्या एका बाजूने नाक बाहेर आलेलं आणि दुसऱ्या बाजूने कोपर. कोपर मोहरीच्या रंगाचं.

संपदाची नजर कपाटाकडे गेली. पुष्कर हात पुसत आला आणि त्याने मुलीने कानात सांगितलेलं ते वाक्य तिच्यासमोरच फोडलं. आजूबाजूला सगळी जर्मन माणसं, म्हणून ती मराठीत बोलली होती, अख्खं वाक्य, एकही शब्द न अडखळता: "आई झाडामागे आहे. तिकडे बघू नकोस, तिला वाईट वाटेल."

ईप्सिताने बाबाकडे रागाने पाहिलं. गुपित होतं ते.

संपदाने तिला मांडीवर ओढलं. मुलीच्या केसांना उन्हाचा आणि माशांचा वास येत होता. मग तिने विचारलं, "आणि तिकडे समुद्राकाठी झाड नसलं तर? मला कुठे काढशील?"

ईप्सिताने विचार केला. फ्रिजवरच्या शेवटच्या चित्राकडे पाहिलं, त्यातल्या आजीचा घेर नजरेने मोजला.

"आजीच्या मागे," ती मराठीत म्हणाली. "तिथे तू मावशील."

पुष्करने हे लगेच आईला कळवायला फोन उचलला, पण तिकडे सकाळचे नऊ वाजले होते, कुसुमताई पूजेला बसल्या असतील, म्हणून ठेवून दिला. तेवीस कलमांची यादी टेबलावरच पडली होती. संपदाने ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, चित्रं काढायला कागद, आणि ती ईप्सिताच्या सामानात ठेवली. मग जुडग्याचा लाल रबरबँड काढला. जुना पासपोर्ट खणात, नवा त्या अर्ध्या भरलेल्या अर्जाच्या शेजारी. खडूंचं खोकं फाटलं होतं, विमानात सांडलं असतं. तिने सगळे खडू एकत्र करून त्यांना तो रबरबँड घातला, दोन वेढे, आणि मोहरीच्या रंगाचा खडू सगळ्यात वर राहील असा बघून घेतला.