काजवालीचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मला पाठ नाही, हात नाहीत. चार पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा संसार. दारं करून उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवलं आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, काजं करायच्या मशीनसमोर आणून ठेवलं.

गेली नऊ वर्षं माझ्यावर एकच बाई बसते. सगळे तिला काजवाली म्हणतात. एका शर्टाला सात काजं, आणि एकही वाकडं जायचं नाही. सुरुवातीला ती एकदा बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागची हलायची नाही. कापड कापणारे मास्तर इतरांना सांगायचे, "बैठक असावी तर अशी." तेव्हा मलाही उगाच ताठ झाल्यासारखं वाटायचं.

मग पाचव्या वर्षी ती चुळबुळ करायला लागली. कधी या अंगावर, कधी त्या अंगावर रेलायची. घरून आणलेली मऊ चादर चौघडी करून माझ्यावर घालायची आणि घटकाभरात काढून टाकायची. सुट्टीत बाकीच्या बायका डबे घेऊन बाहेर जायच्या. ही मात्र एकटी मागे राहायची, मशीनला धरून उभी. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली.

तिला खाज येत होती. चारचौघांत जिथे हात लावता येत नाही, तिथे.

ती एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तेव्हा म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." तिला वाटलं, आपणच अस्वच्छ असू. म्हणून ती दिवसातून तीनदा साबणाने आणि जंतुनाशकाने धुवायला लागली. आग आणखी वाढली. ती जवळ येत नाही म्हणून नवरा रुसला. कारण त्याने विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही.

"स्टुलाला खिळे आलेत का गं?" एकीने हसत विचारलं. काजवालीही हसली. माझ्यात एकही खिळा वर आलेला नव्हता, पण माझी साक्ष कोण घेणार?

शेवटी ती उभ्यानेच काम करू लागली. काजं वाकडी जाऊ लागली. मास्तर म्हणाले, "बाई, असं जमायचं नाही. महिनाअखेरपर्यंत बघतो, मग दुसरी बाई ठेवतो."

त्या दुपारी इस्त्रीवाली मावशी डबा विसरली म्हणून परत आली. काजवाली मशीनवर डोकं टेकून रडत होती. मावशीने दार लोटून घेतलं.

"खाली त्रास होतो का गं तुला?"

काजवालीने नुसती मान हलवली.

"किती दिवस?"

"चार वर्षं झाली."

"आणि कोणाला बोलली नाहीस?"

"काय सांगू, मावशी? आणि कोणत्या तोंडाने?"

मग काजवालीने डॉक्टर, साबण, नवऱ्याचा रुसवा, सगळं सांगितलं, आणि मलाही ते तेव्हाच कळलं. मावशी तिला मोठ्या दवाखान्यात, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे काय झालं ते काजवालीने दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं, म्हणून मला कळलं. ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती.

"मला अवघड जागी खाज येते, मास्तर. डॉक्टरांनी नीट बघितलं. म्हणाल्या, कारण सापडत नाही, पण त्रास खरा आहे. साबण बंद केलाय, साधं पाणी वापरायचं, सैल सुती कपडे घालायचे आणि मलम लावायचं. महिन्याने पुन्हा बोलावलंय. मला थोडं बसून, थोडं उभं राहून काम करू द्या."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्यांनी मशीनच्या टेबलाखाली चार विटा लावल्या, तिला उभ्याने वाकावं लागू नये म्हणून. पेडल पुरावं म्हणून त्याखाली फळी सरकवली, आणि बसल्यावर हात पोचावा म्हणून माझ्या पायांखालीही विटा ठेवल्या.

खाज पुरती गेलेली नाही. काही दिवस बरे जातात, काही वाईट. वाईट दिवशी ती अजूनही सुट्टीत एकटीच मागे राहते. पण आता ओठ चावत नाही. अर्धा दिवस मी रिकामं असतं. बसायला कोणी नाही म्हटल्यावर स्टुलाला वाईट वाटायला हवं, पण मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली, वर्गातली कोणी जागच्या जागी चुळबुळ करत असेल, तर हसू नका. दार लोटून घ्या आणि हळूच विचारा. आणि ती चुळबुळ तुमचीच असेल, तर चार वर्षं थांबू नका.