दोन चंद्रांची भरती

विज्ञानकथा लिहिणाऱ्याने मानवजातीच्या भवितव्याची जबाबदारी खांद्यावर घेतलेली असते. संपादकांनी हे वाक्य पंधरा वर्षांत इतक्या होतकरू लेखकांना लिहून पाठवलं, की मनगट दुखायला लागल्यावर त्यांनी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला.

त्यांचं विज्ञानकथांचं त्रैमासिक चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून निघे. तिथे एक नियम होता. नव्या लेखकाची पहिली कथा कितीही चांगली असो, एकदा सल्ला देऊन परत पाठवायचीच. लगेच छापली तर माणूस शेफारतो, असं संपादकांचं ठाम मत होतं.

एका सकाळी दोन माणसं जिना चढून आली. पुढे रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या बाई, पन्नाशीला टेकलेल्या. मागे त्यांचा धाकटा भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. बाईंनी पिशवीतून एकशे चाळीस पानांचं बाड काढलं, त्यावर चार वह्या ठेवल्या आणि वह्यांवर नऊ पत्रं.

"हे अक्षर तुमचंच ना, सर?"

"माझंच की," संपादक खुशीत म्हणाले.

"सहा वर्षांपूर्वी सात पानांची गोष्ट पाठवली होती. परक्या ग्रहावर दीपगृह सांभाळणारी एक बाई मुलाच्या बोटीची वाट बघते. तुम्ही लिहिलंत, आकाशात दोन चंद्र आहेत, तर भरती-ओहोटीचा हिशेब पटला पाहिजे. या चार वह्या म्हणजे तो हिशेब."

संपादकांनी एक वही उघडली. तासातासाची भरती, सलग अकरा वर्षांची. आपण हे का सुचवलं, ते त्यांना आठवेना. बहुधा पत्र फार आखूड दिसत असावं.

"तिसऱ्या पत्रात म्हणालात, बाई तरुण करा. पाचव्यात म्हणालात, म्हातारीच शोभते."

"आणि पहिल्याच पत्रात चित्रं जोडा म्हणालात," पेंटर नळी टेबलावर आपटत म्हणाला. "मी त्या बाईला चारदा म्हातारी केली, तीनदा तरुण. चपलांचा दुकानदारसुद्धा एका पाटीसाठी एवढं नाचवत नाही हो!"

"अरे, गप."

"का गप, ताई? सहा वर्षं जेवताना तुझ्या तोंडी नुसती भरती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "आज सल्ला नकोय, सर. मला विभागप्रमुखाची जागा देताहेत. पाचच्या आत होकाराची सही करायचीय, पुन्हा विचारणार नाहीत. जागा घेतली तर लिहायला वेळ उरणार नाही. लिहू की थांबू, एका शब्दात सांगा."

संपादकांनी बाड ओढलं. दुसऱ्या खेपेपासून ते फक्त पहिलं आणि शेवटचं पान बघत आले होते. आज दोघं समोरच बसल्यामुळे मधलीही वाचावी लागली. दीड तास गेला. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण बिनचूक होतं. दीपगृहातली बाई मात्र पंचविसाव्या पानानंतर कुठे दिसलीच नाही.

"पहिल्या खेपेची ती सात पानं आहेत?"

"नाहीत. त्यांच्यावरच खाडाखोड करत गेले."

पेंटर खाकरला. त्याने नळीतून रंगाचे डाग पडलेले काही कागद काढले. "पहिलं चित्र काढताना उतरवून घेतली होती. अक्षर सांभाळून घ्या."

वाचता वाचता संपादकांचा चेहरा उतरत गेला.

"हीच गोष्ट होती," ते शेवटी म्हणाले. "दिव्यात तेल घालताना ती दर वेळी समुद्राकडे पाठ करते. मुलगा येणार नाही हे तिला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही. मला तेव्हाही आवडली होती."

"मग परत का पाठवलीत?"

"नियम होता."

बाईंनी नऊ पत्रं पुन्हा पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे फोटो धूसर आला तर पुन्हा काढतो, सर. पण पेशंटचं हाड बदलत नाही."

संपादकांनी मान खाली घातली. "लिहा. तुम्हाला जे दिसतं तेवढंच लिहा. माझं ऐकू नका."

"हाही सल्लाच झाला."

"शेवटचा. आणि पेंटर, तुमचं पहिलं चित्र छापतो. पाणी, उजेड, दोन चंद्र. त्यात बाईचा चेहरा हवा असं मीच कळवलं होतं. चूक माझी."

जिना उतरताना पेंटर म्हणाला, "ताई, साहेबीण झाली असतीस गं."

"माहितीये मला. पुढे बघून उतर."

पाच वाजले तेव्हा बाई घरी कोऱ्या कागदासमोर बसल्या होत्या. सही झाली नाही.

गोष्ट पुढच्या अंकात आली, सातच्या सात पानं. चित्र छापखान्यात उलटं लागलं. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.