बाबांचं अर्धं वाक्य

मी बोलतोय, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. बोलणं हेच माझं काम आहे. मी एक कॉम्प्युटर. ज्यांचा आवाज मी झालो, त्यांना सगळे सलूनवाले बाबा म्हणतात.

आधी मी एका ऑफिसात होतो. ते बंद पडलं तेव्हा तिथं हिशेब लिहिणारी मुलगी मला घरी घेऊन आली. तिच्या वडिलांनी जन्मभर लोकांचे केस कापले आणि कात्रीबरोबर तोंडही चालवलं. निम्मी गिऱ्हाइकं गप्पांसाठीच यायची. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मुलीनं माझ्यात सोय करून दिली: बाबांनी टाइप करायचं, मी ते मोठ्यानं वाचायचं.

बाबा एका बोटानं टाइप करत. दोन शब्द झाले की हात मांडीवर ठेवून पुढचा शब्द शोधत. नेमका तेव्हाच मी गोठायचो. पडद्यावरचं घड्याळ थांबायचं, माउस हलायचा नाही. बंद करून पुन्हा सुरू करावं लागे, आणि वाक्य गेलेलं असे.

मुलगी माझ्यावर भराभर काम करायची. तिच्या हाताखाली मी कधीच अडलो नाही. म्हणून एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही भलतंच काहीतरी दाबत असाल."

बाबांनी मान हलवली आणि ते उठले. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकेनासे झाले. शेजारी आले की नुसते हसायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे.

मुलीला ते बघवेना. तिनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं धूळ काढली, मेमरी बदलली, मला तासन्‌तास जड कामाला जुंपलं. मी तापलो, पण अडलो नाही. मशीन ठणठणीत आहे म्हणून तो गेला.

एका सकाळी तिनं बाबांना हट्टानं माझ्यासमोर बसवलं. काहीही लिहा, मी फक्त बघते, म्हणाली. बाबांनी लिहिलं, 'मला राग' आणि हात मांडीवर घेतला. ती माझ्याकडे नाही, त्या हाताकडे बघत होती. घड्याळ थांबलं. हात मांडीवरच होता.

"तुम्ही काहीच दाबलं नव्हतं, बाबा," ती हळूच म्हणाली.

काम असताना नाही, रिकामा असताना अडतो, असं तिनं फोनवर सांगताच दुरुस्तीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काम नसलं की वीज वाचवायला माझा प्रोसेसर डुलकी घेतो, मग गाढ झोपतो. त्या गाढ झोपेतून मला उठताच येत नव्हतं. त्यानं येऊन माझ्या मूळ सेटिंगमध्ये ती गाढ झोपच बंद केली. डुलकी तेवढी ठेवली.

बाबांनी पुन्हा लिहायला घेतलं. मध्ये कितीतरी वेळ थांबले. मी जागा होतो. मग मी वाचलं, "मला राग आला नव्हता. भीती वाटली होती. वाटलं, आवाजामागून डोकंही चाललं."

मुलीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता मी वीज जरा जास्त खातो, अंगानं कोमट असतो. शेजारी पुन्हा गप्पांना बसतात. पण मी जुना झालोय. कधीतरी माझ्या जागी दुसरा येईल. त्याला आणाल तेव्हा त्याची झोप आधी तपासून घ्या. बाबांना शब्द सापडायला वेळ लागतो. तोवर समोर कुणीतरी जागं असायला हवं.